सकारण स्पष्ट करा

महाराष्ट्रात दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की जगात कारणं तीन प्रकारची असतात. शास्त्रीय कारणं, भौगोलिक कारणं आणि ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ या मथळ्याखाली येणारी कारणं. पहिली विज्ञानाच्या पेपरात, दुसरी भूगोलाच्या, तिसरी इतिहास-राज्यशास्त्राच्या. तारे लुकलुकताना का दिसतात, हे शास्त्रीय कारण. ब्राझीलला चक्रीवादळाचा तडाखा सहसा का बसत नाही, हे भौगोलिक. मेजर ध्यानचंद यांना हॉकीचे जादूगार का म्हणतात, ते मात्र सकारण स्पष्ट करायचं. शास्त्रीय कारणाला दोन मार्क, भौगोलिक कारणाला तीन. भावात हा फरक का, ते कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

पुढे नोकरीला लागल्यावर चौथा प्रकार कळतो, तो म्हणजे घरगुती कारण. ते रजेच्या अर्जात येतं आणि सकारण स्पष्ट करावं लागत नाही. शिक्षणाचा खरा फायदा तिथून पुढे सुरू होतो.

हे सगळं मला इतकं तोंडपाठ आहे त्याला कारणीभूत माझी भाची. विश्रांतवाडीत टिंगरेनगरच्या आमच्या सोसायटीत ताई दोन मजले वर राहते. भाची दहावीला गेली तेव्हा घरात कामाची वाटणी झाली. गणित क्लासकडे गेलं. इंग्रजी तिच्या बाबांनी घेतलं, कारण त्यांच्या ऑफिसात मेल इंग्रजीत असतात. मराठी ‘आपलीच भाषा आहे’ म्हणून कोणीच घेतली नाही. उरलं विज्ञान, इतिहास आणि भूगोल. ताई म्हणाली, ‘‘तू घे. त्यात शिकवायचं काही नसतं, पुस्तक हातात धरून नुसतं विचारायचं.’’ एवढ्या पात्रतेवर मी नेमला गेलो. मी कॉमर्सचा. पंधराव्या वर्षी विज्ञान आणि इतिहास दोघांशीही एकाच दिवशी काडीमोड घेतलेला माणूस, त्यामुळे माझा कुणावर विशेष राग नव्हता.

पुस्तक धरून नुसतं विचारायचं, तर ते पुस्तक अधूनमधून वाचलं जातंच. तसं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की 2018 साली आलेली दहावीची ही पुस्तकं त्यांच्या लौकिकापेक्षा बरीच चांगली आहेत. पालक ती वाचत नाहीत, मुलं त्यांतला चौकटीतला मजकूर सोडून देतात, आणि बाकीचा महाराष्ट्र गाइड वाचतो, म्हणून हे गुपित टिकून आहे.

भूगोलाचंच घ्या. आमच्या वेळी भूगोल म्हणजे कुठे काय पिकतं आणि कुठे काय सापडतं याची जंत्री होती. या पुस्तकात पहिला धडा सोडला तर शेवटपर्यंत दोनच देश आहेत, भारत आणि ब्राझील. हवामान भारताचं, मग ब्राझीलचं. नद्या इथल्या, मग तिथल्या. लोकसंख्या, वस्ती, रेल्वे, पर्यटन, सगळं जोडीनं. परिणाम असा झाला, की आमच्या भाचीला ‘अवर्षण चतुष्कोन’ हा प्रकार ब्राझीलच्या ईशान्येला आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. अॅमेझॉनचं खोरं, पँटानलची दलदल, अजस्र कडा, सगळं हाताच्या तळव्यावर. एकदा रिक्षातून संगमवाडीकडे जाताना मी सहज विचारलं, ‘‘मुळा नदी इथून पुढे कुठे जाते गं?’’ ती म्हणाली, ‘‘मामा, हे आम्हाला नाहीये.’’

‘आम्हाला नाहीये’ या वाक्यावर माझा फार जीव आहे. त्यात उर्मटपणा नसतो. घरमालकानं कुठली खोली भाड्यात आहे आणि कुठली नाही हे सांगावं, तितक्या निर्मळपणे मुलं ते सांगतात.

याच पुस्तकाचा पहिला धडा आहे ‘क्षेत्रभेट’. मुलांनी वर्गाबाहेर पडावं, डोळ्यांनी पाहावं, लोकांना प्रश्न विचारावेत, असा सगळा त्याचा सूर. हा धडा महाराष्ट्रभर वर्गात बसून शिकतात. त्यावर ठरलेले प्रश्न आहेत. क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा. क्षेत्रभेटीसाठी कोणते साहित्य बरोबर घ्याल? क्षेत्रभेटीदरम्यान कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल? आमच्या भाचीनं कचऱ्याचं व्यवस्थापन इतकं सुंदर लिहिलं होतं, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लॅस्टिक पिशवीत भरून परत आणणे, की वाचताना वाटावं ही सहल खरंच झाली असती तर हेवा वाटण्याइतकी स्वच्छ झाली असती.

विज्ञानाचे दोन भाग. पहिल्यात गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, भिंगं, धातू आणि शेवटी अवकाश मोहिमा. दुसऱ्यात आनुवंशिकता, पेशी, सूक्ष्मजीव. इथवर सरळ आहे. पण दुसऱ्या भागात पुढे जा, तर ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा धडा लागतो, आणि त्यात ताणतणाव, व्यसन, मोबाइल, सेल्फी, अगदी हास्यक्लबसुद्धा आहे. त्यापुढे ‘आपत्ती व्यवस्थापन’. म्हणजे आमच्या बागेत सकाळी हात वर करून हसणारे आजोबा विज्ञानाच्या पेपराला येऊ शकतात. तिकडे इतिहासाच्या पुस्तकात राजे जवळजवळ नाहीतच. इतिहास कसा लिहितात, वर्तमानपत्रं आणि चित्रपट यांचा इतिहास, खेळ आणि खेळणी, पर्यटन, जुन्या ठेव्यांचं जतन असे धडे आहेत. पहिल्या दिवशी ताईनं पुस्तक चाळलं आणि काळजीनं विचारलं, ‘‘यात लढाया कुठे आहेत?’’ लढाई नसेल तर इतिहासाचा अभ्यास झाल्यासारखं आपल्याला वाटत नाही.

पुस्तकं करणाऱ्यांनी विषयांमधलं कुंपण बऱ्याच ठिकाणी ओलांडलंय, एवढंच मला म्हणायचंय. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ते परत बांधून घेतलं. चाळीस मार्कांचा विज्ञान एक, चाळीसचा विज्ञान दोन, चाळीसचा इतिहास-राज्यशास्त्र, चाळीसचा भूगोल. त्यात राज्यशास्त्राच्या वाट्याला साधारण डझनभर मार्क. संविधानाची वाटचाल, निवडणूक, पक्ष, चळवळी आणि भारतीय लोकशाहीसमोरची आव्हानं, एवढं सगळं त्या डझनात. आव्हानांच्या मानानं मार्क कमी वाटतात. पण वर्गातल्या हुशार मुलांचा हिशेब साधा असतो, की एवढ्यासाठी पाच धडे करण्यापेक्षा एक भिंग जास्त करावं.

आणि एक विषय आहे ज्याला मार्कच नाहीत. जलसुरक्षा. नववी-दहावीला हा विषय असतो, त्याचं पुस्तक असतं, प्रकल्पवही असते, आणि शेवटी श्रेणी मिळते. आमच्या भाचीला त्यात अ श्रेणी मिळाली. ज्या दुपारी तिनं ‘पावसाच्या पाण्याचे संकलन’ ही आकृती रंगवली, त्या दुपारी खाली गेटवर टँकरवाला हॉर्न वाजवत होता आणि वॉचमन झाकणाची किल्ली शोधत होता. तिनं खिडकी लावून घेतली, आवाजानं रंग रेषेबाहेर जात होता.

आता हा टँकर घ्या, किंवा टँकर राहू द्या, नळाचंच पाणी घ्या. विश्रांतवाडीत नळाला येणारं पाणी हा कुठल्या विषयाचा प्रश्न आहे? वर्षानुवर्षं पुण्याचं पाणी म्हणजे खडकवासला, आणि शहराच्या पूर्वेची आमची बाजू म्हणजे त्या नळाचं शेवटचं टोक. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, लोहगाव या पट्ट्याला पाणी यायचं ते सगळ्यांचं भरून झाल्यावर. टोकाला दाब का कमी पडतो, हे शास्त्रीय कारण, दोन मार्क. मग खेड तालुक्यातल्या भामा-आसखेड धरणातून आमच्याकडे जलवाहिनी आणायचं ठरलं. भामा ही भीमेची उपनदी, सह्याद्रीतला पाऊस घेऊन येणारी. धरण तिथेच का आणि पाणी इकडेच का, हे भौगोलिक कारण, तीन मार्क. पण ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या होत्या, त्यांचं पुनर्वसन अर्धवट होतं. त्यांनी जलवाहिनीचं काम पुन्हा पुन्हा बंद पाडलं. तिसऱ्या कारणाची पाळी इथे येते. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ असा धडा आहे, त्याची प्रात्यक्षिक परीक्षा कुणी घेणार असेल तर आसखेडला घ्यावी. शेवटी 1 जानेवारी 2021 रोजी योजनेचं उद्घाटन झालं आणि भामेचं पाणी आमच्या टाक्यांत पडलं.

पाणी आलं, वापरून झालं, पुढे? ते मुळेत जातं. मुळा संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. म्हणजे भीमेच्या एका लेकीचं पाणी आम्ही वरून उचलतो आणि दुसऱ्या लेकीच्या हाती खालून परत पाठवतो, जाताना त्यात काय घालून पाठवतो ते उजनीकरांना विचारावं. एक पेला पाणी आहे, पण त्यात चार पेपर बुडलेत. भाचीला मी हे एकदा रंगात येऊन सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मामा, पण हे नेमकं कुठल्या प्रश्नात लिहू?’’

तसं पाहिलं तर विश्रांतवाडीत राहणाऱ्या मुलाला प्रयोगशाळेची आणि वस्तुसंग्रहालयाची ददात नसावी. डोक्यावरून लोहगावची विमानं जातात. सुखोई 1997 मध्ये इथे आली, तेव्हापासून आमच्याकडच्या शाळांत शिक्षकांना एक सवय लागली आहे. वाक्य अर्धवट सोडायचं, खडू हातात तसाच धरायचा, खिडकीची तावदानं थरथरून थांबली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. विमान पुढे निघून गेलेलं दिसतं आणि आवाज मागून येतो. नववीला ‘ध्वनीचा अभ्यास’ नावाचा धडा आहे. तो शिकवताना बाई थांबल्या, विमान गेलं, बाईंनी ‘‘हं, तर ध्वनीचा वेग…’’ म्हणून पुढचा परिच्छेद घेतला, असं भाची सांगते. वर्तमानपत्रात पुण्याची तापमानं दोन छापतात, एक शिवाजीनगरचं आणि एक लोहगावचं. उन्हाळ्यात आमच्या बाजूला आकडा बऱ्याचदा चढा असतो. आमच्यातले काहीजण तो अभिमानानं सांगतात, पण चढा का असतो ते विचारत नाहीत. येरवड्याचा तुरुंग हाकेच्या अंतरावर, जिथे 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. आषाढीच्या आधी माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर करत याच रस्त्यानं पुण्यात जाते. त्या दिवशी शाळांना सुट्टी असते, क्षेत्र स्वतःच भेटायला येतं म्हणून असेल.

आणि आळंदी रस्त्यानं येरवड्याकडे निघालं की डेक्कन कॉलेज लागतं. झाडी, जुनी दगडी इमारत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आत काय चालतं याचा पत्ता नाही. मी वर कारणांचं जे रडगाणं गायलं, ते ऐकून आतली मंडळी हसतील. 1939 साली ही संस्था संशोधनासाठी नव्यानं सुरू झाली तेव्हापासून तिथे इतिहासाचं काम विज्ञानाच्या हत्यारांनी चाललं आहे. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 पासून पुढे वर्षानुवर्षं शिरूर तालुक्यात इनामगावला उत्खनन केलं. घोड नदीच्या काठचं तीनेक हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या जळक्या दाण्यांवरून ते जव पिकवत होते हे वनस्पतिशास्त्रानं सांगितलं, हाडांवरून काय खात होते ते प्राणिशास्त्रानं आणि रसायनानं. घरांच्या आकारावरून गावात मोठं कोण होतं, याचा अंदाज बांधला. नदीच्या पुराचं पाणी वळवण्यासाठी त्या लोकांनी बांध घालून चर खणला होता, तोही सापडला. पुढे पाऊस कमी होत गेला आणि वस्ती उतरणीला लागली, असं अभ्यासक मानतात. घोड हीसुद्धा भीमेचीच उपनदी. म्हणजे याच खोऱ्यात पाण्याचा प्रश्न तीन हजार वर्षं चालू आहे, आणि इनामगावकरांनी जलसुरक्षेला श्रेणीवर न सोडता निदान चर तरी खणला होता.

इरावती कर्वे याच डेक्कन कॉलेजात शिकवत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक, हे त्यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. ‘युगान्त’ लिहिलं हेही. त्या मुळात मानवशास्त्रज्ञ होत्या, हाती मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या. तरुणपणी बर्लिनला त्यांना काम मिळालं होतं कवट्या मोजायचं. युरोपियन माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी वरचढ, असं त्यांच्या मार्गदर्शकांचं मत होतं. ते ओयगेन फिशर, पुढे नाझींना प्रिय झालेले. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की असा काही फरक दिसत नाही. मार्गदर्शक नाराज झाले आणि त्यांनी अगदी काठावरची श्रेणी दिली. दहावीच्या मार्कांवरून जीव टाकणाऱ्या पालकांना हा प्रसंग सांगावा असं मला फार वाटतं, पण दहावीच्या वर्षात पालक ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात. याच बाई पुढे पंढरीच्या वारीत चालत गेल्या, आणि त्यावर लिहिताना भक्तीइतक्याच स्वच्छ डोळ्यांनी दिंड्यांमधल्या जातीच्या भिंतीही पाहिल्या. मोजायचं तिथे मोजलं, चालायचं तिथे चालल्या. कुठल्या शाखेच्या म्हणाव्यात?

पुण्यातलंच दुसरं उदाहरण दामोदर कोसंबींचं. पेशानं गणिती, डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारे. या माणसानं जुनी आहत नाणी तराजूत घालून तोलली. नाणं जितकं जास्त हातांतून फिरलं तितकं झिजतं, तितकं हलकं होतं. झिजेला संख्याशास्त्र लावलं तर कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं याचा माग लागतो. नाण्यावर काय छापलंय ते पंडित वाचत होते, हा गृहस्थ वजन वाचत होता. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरून दगडी हत्यारं वेचत होता. 1956 साली त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं आणि इतिहासकारांना आपल्या खुर्च्या नीट सरकवून बसावं लागलं.

ही फार मोठी माणसं झाली, मान्य. पण मोठ्या माणसांचं सोडा, साधी गोष्ट अशी, की आपल्याकडे दहावी हे शेवटचं वर्ष असतं, ज्यात सगळी मुलं सगळं वाचतात. तोवर शाळेत राइसप्लेट असते. कारलं आलं तर कारलं, पण प्रत्येकाच्या ताटात सगळं. निवड नसते, तक्रारही मग फार नसते. मार्चमध्ये पेपर संपतात आणि वेळापत्रकात बहुधा सगळ्यांत शेवटी भूगोल असतो. पुरवणीला नकाशा बांधायचा, दोऱ्याची गाठ मारायची, घंटा झाली की बाहेर पडायचं. ती गाठ मारताना लाखो मुलांना कल्पनाही नसते, की आपण जगाचा नकाशा उभ्या आयुष्यात परत उघडणार नाही. सायन्सला जाणाऱ्याचा इतिहास त्या आठवड्यात बंद होतो. आर्ट्सला जाणाऱ्याचं विज्ञान त्याच्या दोन दिवस आधीच बंद झालेलं असतं. कॉमर्सवाल्याचं मी सांगितलंच.

जुन्या लोकांना यात थोडी सवलत होती. अकरावीची मॅट्रिक होती, 1975 साली दहावीची पहिली परीक्षा झाली. म्हणजे त्याआधी ही फाटाफूट एक वर्ष उशिरा व्हायची, त्याचाच जुन्या लोकांना भारी अभिमान.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या फाटाफुटीची फळं रोज पाहायला मिळतात. इंजिनिअर इतिहास लिहितात. तो त्यांचा पंधराव्या वर्षीचा इतिहास असतो, त्यावर वीस वर्षं फॉरवर्ड झालेल्या मजकुराचे थर चढलेले. एकाही विधानाला कारण नसतं, पण स्पष्टीकरण भरपूर असतं. उलट ज्यांनी इतिहासात एमए केलंय ते रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यानं काय काय बरं होतं ते सांगतात. मी दोघांनाही अंगठा दाखवतो, कारण हिशेब दोन्ही बाजूंनी जुळला पाहिजे असं आमच्या शाखेत शिकवतात. एअरफोर्समधून निवृत्त झालेले एक काका मात्र अधूनमधून ‘याला पुरावा काय?’ एवढंच विचारतात. त्यांना ग्रुपवर कुणी उत्तर देत नाही.

तर भाचीची दहावी झाली. मार्क चांगले पडले, म्हणून सायन्स. आमच्याकडे मुलं शाखा निवडत नाहीत, टक्के निवडतात. नव्वदीच्या घरातल्या मुलीनं आर्ट्स म्हटलं असतं तर शेजाऱ्यांनी ताईकडे चौकशी केली असती, की घरी सगळं ठीक आहे ना. भाचीनं तसं म्हटलं नाही. तिनं त्याहून अडचणीचं काहीतरी म्हटलं. भौतिक, रसायन, गणित, आणि चौथा विषय भूगोल.

मला वाटलं आता ब्राझीलचा पगडा बोलतोय. पण यादी पाहिली, तर खरंच होतं. मंडळाच्या नियमात सायन्सला भूगोल घेता येतो. काही कॉलेजांत मुलं घेतातही. मग प्रवेश मिळालेल्या कॉलेजात आम्ही तिघं गेलो. नाव सांगत नाही, खिडकीतल्या मॅडम सज्जन होत्या.

‘‘भूगोल?’’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘सायन्सला?’’

‘‘मंडळाच्या यादीत आहे ना मॅडम,’’ भाची म्हणाली.

‘‘यादीत पुष्कळ असतं गं बाळा. आमच्याकडे भूगोलाचे सर आर्ट्सला आहेत.’’

‘‘मग मी त्यांच्याच वर्गात बसते.’’

‘‘तो वर्ग सकाळी. तुमचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकलही सकाळी. आणि बिल्डिंग वेगळी.’’

बिल्डिंग वेगळी, यापुढे कुणाचं काय चालणार? ताईनं तेवढ्यात भाचीला कोपरानं ढोसलं. ‘‘आयटी घे गं. त्यात मार्क पडतात.’’ मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनीही आयटीला दुजोरा दिला, त्यांच्या पुतण्याला पडले होते. मॅडमनी समजुतीच्या सुरात विचारलं, ‘‘तुला भूगोल कशाला हवाय नक्की? यूपीएससी करायचीय का?’’ म्हणजे भूगोल घेण्याचं एक तरी कारण समजण्यासारखं असावं, अशी त्यांची मदतीचीच इच्छा होती. भाची म्हणाली, ‘‘नाही, आवडतो.’’ मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. आवडतो या कारणासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

पुढे पसंतीक्रमात खाली असलेलं एक लांबचं कॉलेज मिळालं. तिथे सायन्सला भूगोल आहे, मुलं मूठभर आहेत, आणि त्यांच्या सोयीसाठी तास दुपारी जेवणाच्या सुट्टीत होतो. भाची डबा घेऊन तासाला बसते. सर पोळी खायला हरकत घेत नाहीत, फक्त नकाशावर तेल सांडू नका म्हणतात. पहिल्या महिन्यात त्यांनी मुलांना आपापल्या घराचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते शोधून यायला सांगितलं. भाचीनं माझ्याकडे येऊन भामा-आसखेडचं सगळं परत एकदा सांगायला लावलं. यावेळी वही उघडी होती. माझ्या सांगण्यात तारखा कमी आणि आवेश जास्त आहे, असंही तिनं नोंदवून घेतलं.

मग टँकरवर गाडी आली. नळाचं कळलं, पण उन्हाळ्यात जो टँकर येतो त्यातलं पाणी कुठलं? विहिरीचं, बोअरचं, की आणखी कशाचं? मला माहीत नव्हतं. ताईला माहीत नव्हतं. वॉचमनला टँकरवाल्याचा नंबर माहीत होता. टँकरवाला म्हणाला, ‘‘पाणी चांगलंय, काळजी करू नका.’’ तेव्हा ती मला घेऊन सोसायटीच्या वार्षिक सभेला आली. सभेला कोरम नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून त्याच जागी सभा सुरू झाली. लिफ्ट झाली, पार्किंग झालं, गणपतीची वर्गणी झाली. टँकरचं वाढलेलं बिल मंजुरीला आलं तेव्हा तिनं हात वर केला आणि विचारलं, ‘‘हे पाणी कुठून येतं?’’

क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दोन सिव्हिल इंजिनिअर होते, एक डॉक्टर होते, एमए इतिहासवाल्या काकू होत्या, एअरफोर्सचे काका कौतुकानं पुढे सरकून बसले. अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

‘‘प्रश्न चांगला आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण विषयपत्रिकेवर तो विषय नाहीये.’’

‘‘मग कुठल्या विषयात येतो?’’ भाचीनं विचारलं.

अध्यक्षांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी माझ्याकडे. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तो घ्यावा असं ठरलं. ते सदर येईपर्यंत सामोसे आले.